सही सोनावळेबाईंची

सोनावळेबाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. बाई आज मऊ बोलतायत म्हणजे दिवस बरा जाणार असं मी समजायचो, आणि पोरं मागच्या ओळीतून मला डोळ्यांनी खुणवायची, की सर, आता गप्प बसा.

आमची शाळा कशेळ्याच्या पुढं, डांबरी रस्ता संपतो तिथून पाऊण तास चढावर. नाव लिहीत नाही. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते पाचवी, एकतीस मुलं, सगळी वरच्या कातकरी वाडीवरची. तिसरी ते पाचवीची सतरा मुलं बाईंकडं, पहिली-दुसरीची चौदा माझ्याकडं. बाईंना तिथं बावीस वर्षं झाली. बदल्यांच्या वेळी अवघड क्षेत्रातून सुटायला लोक भांडतात, बाई तिथंच राहायला भांडल्या. मला चार वर्षं झाली. मी पोशीरचा, घरी भातशेती आहे, मोटरसायकल खाली लावून वर चढतो, आणि तालुक्यात माझी ओळख ‘तंत्रस्नेही शिक्षक’ अशी आहे. त्याचं प्रमाणपत्रसुद्धा आहे माझ्याकडं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई ते दाखवायची. आता मी ते कपाटात टाकलंय.

बाईंचं नाव इंदू. वडील रेल्वेत गँगमन, ठाकुरवाडीच्या घाटात रूळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना वाचता येत नव्हतं. पोरीच्या प्रगतिपुस्तकात गुरुजींनी काय लिहिलंय ते ते केबिनमधल्या बाबूकडून वाचून घ्यायचे. गुरुजींनी चार वर्षं एकच शब्द लिहिला होता, ‘ठीक’. वडील विचारायचे, “ठीक म्हंजी काय, साहेब?” आणि बाबू म्हणायचा, “ठीक म्हणजे ठीक.” बाई ही गोष्ट हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं कधी सापडलं नाही.

पण त्यांच्या सगळ्या वागण्याचं मूळ तिथंच आहे. आम्हा शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात नोंद लिहावी लागते. मुलाला काय येतं, कशात मागं आहे, स्वभाव कसा आहे, हे चार वाक्यांत. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात तयार नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात. ‘वर्गात नेहमी हसतमुख असतो.’ ‘थोरांचा आदर करतो.’ त्यातून उचलायचं आणि उतरवायचं. चौदा मुलं, एक तास, चहासकट. मीही तेच करायचो. माझ्या एका हसतमुख विद्यार्थ्याचे त्या सत्रात वडील वारले होते, हे मला सही झाल्यावर आठवलं. तेव्हा मी दोन दिवस वाईट वाटून घेतलं आणि पुढच्या सत्रात पुन्हा तेच पुस्तक उघडलं.

बाईंचं तसं नव्हतं. दिवाळीच्या आधी आणि एप्रिलात त्या व्हरांड्यात चटई टाकायच्या आणि रोज एका मुलाला बोलवायच्या. त्याला ‘नंबर’ म्हणायचे. नंबर आलेलं पोर त्या दिवशी केसांना तेल लावून यायचं. बाई त्याला शेजारी बसवायच्या, अर्धा तास काहीबाही विचारायच्या आणि मग त्याच्यासमोर नोंद लिहून त्याला वाचून दाखवायच्या. “बरोबर हाय का?” पोरं हरकत घ्यायची. एकदा एक पोरगा म्हणाला, “बाई, मी भांडकुदळ नाय, ते मला भांडवतात.” बाईंनी खोडलं आणि लिहिलं, ‘हा भांडत नाही, याला भांडवतात. भांडवणारे मला माहीत आहेत.’ केंद्रप्रमुखांनी ही नोंद वाचून कपाळाला हात लावला होता.

शेवटची ओळ आईबापांसाठी असायची, आणि ती हुकमाचीच. ‘याचे कान डॉक्टरला दाखवावेत.’ ‘हिला पाण्याला पाठवू नये, शाळा बुडते.’ एकाच्या पुस्तकात तर सरळ ‘दारू पिऊन मारू नये’ असं लिहिलेलं मी पाहिलंय, खाली सही आणि शाळेचा शिक्का. आणि लोक ऐकायचे. बाईंनी तोंडानं सांगितलं तर वाद घालतील, पण नोंदीत आलं की संपलं. वाडीवर आईबापांना वाचता येत नाही, म्हणून प्रगतिपुस्तकं वाटली की दुपारी सगळे समाजमंदिराच्या पायरीवर जमायचे आणि पाचवीतलं एखादं पोर सगळ्यांच्या नोंदी मोठ्यानं वाचायचं. बाईंनी त्याला एक नियम घालून दिला होता. लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, आवडलं नाही म्हणून गाळायचं नाही. खाली माझी सही आहे म्हणजे ते माझं बोलणं आहे, असं त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी पाचवीत हर्षला होती. हर्षला राकेश हिलम. ती परत शाळेत आली नाही हे मी आत्ताच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला उगाच आशा लावायला नको.

लहानखुरी, सावळी, कानात काडी. वाचायला बसली की तिच्या आवाजाला धार यायची. वाडीवरची बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट होळीच्या पुढं परततात. पोरं बरोबर गेली की शाळा सुटलीच. परत येतात तेव्हा पाठ्यपुस्तक बघून परक्यासारखी हसतात. हर्षला तिसरीत असताना बाईंनी तिच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘हर्षलाला भट्टीवर नेऊ नये. आजीजवळ ठेवावे. वह्या मी देईन.’ राकेशनं ऐकलं. ती आजीजवळ, ठकूबाईजवळ राहिली. चौथीतही तेच लिहिलं, तेच झालं. पाचवी पार पडली की पुढं आश्रमशाळेत नाव घालायचं, तिथं वसतिगृह आहे, मग भट्टीचा प्रश्नच मिटला, असं बाईंचं ठरलं होतं. एकच हिवाळा काढायचा होता.

त्या वर्षी राकेशच्या घरी मुलगा झाला होता. ही गोष्ट मला माहीत होती. तिचा अर्थ काय होतो, हा विचार मी केला नाही. तो करणं हे बाईंचं काम, अशी माझी समजूत.

ऑगस्टमध्ये मी कर्जतला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो. विषय होता, वर्गात एआयचा जबाबदार वापर. शिकवायला मेघा नावाच्या एक मॅडम होत्या, हुशार बाई. यंत्राला काय विचारायचं, कसं विचारायचं हे त्यांनी दाखवलं, आणि पुन्हा पुन्हा बजावलं, की मुलांची नावं त्यात घालू नका, आणि त्यानं लिहिलेला शब्द न् शब्द वाचल्याशिवाय मुलासमोर नेऊ नका. “त्याला तुमचं मूल माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघ ओढली. शेवटच्या चाचणीत मला दहापैकी दहा गुण मिळाले.

मी काही त्या यंत्राला शिव्या घालायला बसलेलो नाही. पहिलीच्या पोरांसाठी मी त्याच्याकडून खेकडे आणि माशांची बेरीज-वजाबाकी करून घेतली, आणि जी पोरं आंब्या-पेरूंच्या गणिताला जांभया द्यायची ती खेकडे मोजायला लागली. बाईंनी ते पाहिलं. “उपयोगाचं हाय की रे हे,” म्हणाल्या. मी फुगलो. बावीस वर्षं त्या शाळेवर काढलेल्या बाईनं आपल्याला शाबासकी दिली म्हणून दोन आठवडे तरंगत होतो.

सप्टेंबरात बाईंना मतदारयादीचं काम लागलं. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, आणि गावोगाव दारं ठोठावायची. सत्तावन्नाव्या वर्षी तो चढउतार म्हणजे गंमत नव्हे. ऑक्टोबर लागला तरी व्हरांड्यात चटई पडली नव्हती. प्रगतिपुस्तकं दिवाळीआधी वाटायची होती आणि बाईंची सतराच्या सतरा कोरी होती. त्या फॉर्म लावत बसल्या होत्या तेव्हा मी म्हणालो, “बाई, नोंदी मी करतो. एका दुपारचं काम आहे.”

“तुला माझी पोरं कुठं ठाऊक हायत?”

“मला कशाला? मोबाइलवर यंत्राला सांगायचं. ते लिहितं.”

“माझ्यासारखं लिहील?”

“तुमच्या दोन जुन्या नोंदी दाखवतो त्याला. हुबेहूब तुमच्यासारखं लिहील.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. नको म्हणणार असं मला वाटलं. मग खाली रस्त्यावर थांबलेल्या जीपवाल्याचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, “कर बाबा. ह्या वेळेपुरतं.”

त्याच दिवशी उतरताना हर्षला त्यांना आडवी आली. मी मागं होतो, ऐकलं. “बाई, माझा नंबर कदी?”

“ह्या वेळी नंबर नाहीत गं. ह्या वेळी सर करणारेत.”

“मला सांगायचं हाय.”

“सांग की.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, खाली उतरणाऱ्या वाटेकडं पाहिलं. “नंबराला सांगायचं हाय,” म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या उतरल्या. त्यांना तीन गावं करायची होती.

दुसऱ्या दुपारी मी बसलो. सतरा नावं घातली, गुण घातले, श्रेण्या घातल्या. हर्षलापुढं मराठी उत्तम, कार्यानुभव उत्तम, घरी भावाला सांभाळते, एवढं. बाईंच्या दोन नोंदी नमुन्याला दिल्या आणि सांगितलं, अशाच पद्धतीनं लिही, शेवटी पालकांना एक स्पष्ट सूचना असू दे. मिनिटभरात सतरा नोंदी आल्या. मी पहिल्या दोन वाचल्या. इतक्या नीटस होत्या, की मला बाईंचंच वाक्य वाचल्यासारखं वाटलं. बाकीच्या वाचल्या नाहीत. कशेळ्यात जाऊन छापून आणल्या, पट्ट्या कापल्या, डकवल्या. अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

सकाळी बाईंनी पिशवी खांद्यावरून न उतरवताच पायरीवर बसून सह्या केल्या. दहाव्या-अकराव्या पुस्तकाशी थांबून विचारलं, “सगळ्या वाचल्यास ना रे?”

“हो बाई.”

“मग झालं.”

तेवढंच बोलणं. मी तालुक्याचा तंत्रस्नेही शिक्षक, मला दहापैकी दहा, आणि मी एका शब्दात खोटं बोललो, कारण खरं बोललो असतो तर अर्धा तास गेला असता.

दिवाळीची सुट्टी संपली. पटावर सहा पोरं कमी. पाच जणांची बाईंना कल्पना होती, त्यांच्यासाठी त्या याआधीच हरल्या होत्या. सहावी हर्षला. “मामाकडं गेली असंल,” बाई म्हणाल्या. आठवडा गेला. मतदारयादीचं काम अजून संपलं नव्हतं. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं वाडीवर गेलो. ठकूबाई दारात बसून वाल सोलत होती.

“हर्षला कुठाय, ठकूबाई?”

“नेली की. खालापुराकडं, भट्टीवर.”

“नेली? अगं, तिला का नेली?”

म्हातारीनं बाईंकडं नवलानं पाहिलं. “तुमाला म्हाईत हाय की, बाई,” म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

बाईंना वाटलं, म्हातारीचं वय झालं. मला तसं वाटलं नाही. घरी जाऊन मोबाइलवर ती फाइल उघडली आणि बारावी नोंद वाचली, पहिल्यांदा. ‘हर्षला ही कष्टाळू व स्वावलंबी विद्यार्थिनी आहे. हाताने करावयाची कामे ती आवडीने व नीटनेटकी करते. तिला कुटुंबाच्या कामात सोबत घ्यावे. त्यातून तिचा आत्मविश्वास वाढेल.’

यात वाईट काय आहे? शहरातल्या एखाद्या आईबापांनी हे वाचून पोरीला पोळ्या लाटायला बसवलं असतं, चार फोटो काढले असते. राकेश हिलमच्या कुटुंबाचं काम एकच आहे.

मी बाईंना सांगितलं नाही. उद्या सांगू, भट्टीवर जाऊन आल्यावर सांगू, कदाचित ते कारण नसेलच, असं स्वतःला समजावत राहिलो. रविवारी बाईंना मागं बसवून निघालो. कर्जत, पळसदरी, खोपोली. सबंध वाटभर बाई आश्रमशाळेच्या फॉर्मबद्दल बोलत होत्या. जातीचा दाखला तयार होता, फोटो तेवढे काढायचे राहिले होते. राकेश ऐकेल, म्हणाल्या, तो माझं कधी मोडत नाही.

भट्टी हमरस्त्यापासून बरीच आत होती. एका बाजूला पेटलेला विटांचा ढीग, त्याचा धूर, आणि मोकळ्या जागेत कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा वाळत घातलेल्या. त्या उलटवायचं काम पोरांचं. त्यांचे पाय लहान, दोन रांगांमध्ये मावतात. हर्षला एका काखेत भावाला घेऊन वाकून वाकून विटा उलटवत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली. धावत आली नाही. माझी समजूत होती, धावत येईल.

राकेशनं मात्र काम टाकलं, हात धुतले, बाईंना बसायला पाटी उपडी घातली. त्याची बायको पारू पाणी घेऊन आली. “बाई, तुमी एवढ्या लांब कशाला आल्या? सांगावा धाडायचा.”

बाईंचा आवाज उतरला. “राकेश, पोरीला का आणलंस?”

तो गोंधळला. एकदा पारूकडं, एकदा बाईंकडं पाहू लागला. “तुमीच सांगितलं ना, बाई.”

“मी?”

“नोंदीत. ह्या सालाला माझं मन हलत व्हतं. बारका झाला, हिच्यानं काम व्हत नाय, हर्षी असती तर त्याला बगंल, असं वाटायचं. पर म्हटलं, बाईंची नोंद येऊ दे. ठेवा म्हनाल्या तर ठेवीन. आनि ह्या टायमाला तर छापूनच आलं. म्हंजी वरनंच आलं असंल.” त्यानं खोपटातून प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यातून प्रगतिपुस्तक काढलं. “वाच गं, हर्षे.”

हर्षलानं पुस्तक घेतलं नाही. तिला पाठ होतं. पाठांतर म्हणावं तशा आवाजात तिनं ते म्हटलं, हाताने करावयाची कामे, कुटुंबाच्या कामात सोबत घ्यावे, आत्मविश्वास वाढेल. समाजमंदिराच्या पायरीवरही तिनंच वाचलं होतं. ती पाचवीची, वाचायचा मान तिचा. सगळ्या वाडीपुढं आणि बापापुढं, एक अक्षर न गाळता. त्या ओळीपाशी पोचल्यावर तिला काय वाटलं असेल हे मी अनेकदा मनात आणून पाहिलं. मला ते सोसत नाही.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि वाचलं. मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं. एकदाच माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तग धरला असता.

“राकेश,” त्या म्हणाल्या, “हे मी लिहिलेलं नाही.”

“सही?”

“सही माझी आहे. हे मोबाइलमधल्या यंत्रानं लिहिलं, आणि मी न वाचता खाली सही केली. चुकलं माझं.”

“यंत्र वळखतं का हर्षीला?”

“नाही.”

“मंग त्याला कसं सुचलं?”

राकेश चिडला नाही. त्यानं पुस्तक परत घेतलं आणि मागची पानं उलटली. त्याला वाचता येत नव्हतं, पण निळ्या शाईतल्या नोंदी कुठं आहेत ते ठाऊक होतं. मातीचं बोट लागू नये म्हणून त्यानं ते पानावर न टेकवता वरूनच दाखवलं.

“मंग ह्या आदीच्या कुनी लिव्हल्या?”

“मी. ह्या सगळ्या मीच.”

“कशावरनं, बाई?”

त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. बावीस वर्षांत सोनावळेबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नाही. त्या वळल्या. “हर्षला, तू सांग. तिसरीतली नोंद मी तुझ्यासमोर लिहिली होती. तू चटईवर माझ्या शेजारी बसली होतीस. मी तुला वाचून दाखवली, तू म्हणालीस, बरोबर हाय. सांग तुझ्या आबांना.”

हर्षलानं भावाला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

“मला नाय म्हाईत,” ती म्हणाली, आणि विटांच्या रांगेत निघून गेली.

तिला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं की तिला माहीत आहे. मी दोन पावलांवर उभा होतो. बाईंनी मला विचारलं होतं, सगळ्या वाचल्यास ना, आणि मी हो म्हणालो, एवढं एक वाक्य तोंडातून काढायचं होतं. बाईंनी माझं नाव घेतलं नव्हतं, घेणारही नव्हत्या. मला तेवढं पुरलं. मी गप्प राहिलो.

बाई बराच वेळ राकेशशी बोलल्या. आश्रमशाळा, फॉर्म, आत्ता पाठव, मी स्वतः घेऊन जाते, ठकूबाईकडं रोज जाऊन बघीन. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मोठ्या माणसाला दुखवू नये म्हणून हलवतात तशी. “तुमी वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. “चुकतं मानूस. पर आज ठेव म्हनायचं, उद्या ने म्हनायचं, कोन बोलतंय तेबी आमाला कळायचं नाय. आता पोरीचं काय ते मी माझ्या मनानंच बगीन.”

तो आम्हाला मोटरसायकलपर्यंत सोडायला आला. मी गाडी चालू केली, बाई मागं बसल्या, तेव्हा त्यानं काखेतलं प्रगतिपुस्तक काढून पिशवीसकट त्यांच्या हातात दिलं.

“हे ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ, बाई,” तो म्हणाला. “आमाला त्याचा उपेग नाय आता.”